युरोपची बातमी लावताना या चुका टाळा

मुंबईतल्या मराठी डेस्कवर ब्रसेल्सची, म्हणजे युरोपियन युनियनच्या (ईयू) मुख्यालयाची, बातमी येते ती बुलेटिन तोंडावर असताना. टीव्हीच्या पट्टीवर ‘युरोपचा दणका’ जातं आणि निर्णय नेमका घेतला कोणी, हे प्रेक्षकाला कळतच नाही.

सगळ्यात मोठा घोळ ‘कौन्सिल’चा. युरोपियन कौन्सिल म्हणजे 27 देशांचे प्रमुख. कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियनमध्ये त्या त्या खात्याचे मंत्री बसतात. कौन्सिल ऑफ युरोप ही 1949 पासूनची, आज 46 देशांची, स्ट्रासबर्गची वेगळीच संस्था; युरोपियन मानवाधिकार न्यायालय तिचं. या न्यायालयाचा निकाल मी एकदा ‘ईयू कोर्टाचा’ म्हणून लावला होता. बुलेटिन संपेपर्यंत ती पट्टी फिरत राहिली, आजही आठवली की अस्वस्थ होतं. फीडमधल्या निळ्या झेंड्यावर विसंबू नका. बारा ताऱ्यांचा तोच झेंडा ईयू आणि कौन्सिल ऑफ युरोप या दोन्ही संस्थांचा आहे. कॉपीत संस्थेचं पूर्ण नाव सापडल्याशिवाय पट्टी सोडू नका.

संसदेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. जुलै 2023 मध्ये मणिपूरवर झाला तो युरोपियन संसदेचा ठराव होता, कोणावरही बंधनकारक नसलेला.

दुसरी चूक म्हणजे एकाच देशाच्या वाहिनीचा सूर युरोपचा समजणं. शिखर बैठक संपली की प्रत्येक नेता आपल्या देशाच्या पत्रकारांशी वेगळा बोलतो. बर्लिनच्या बातम्यांत चॅन्सेलर दिसतात, पॅरिसच्या बातम्यांत राष्ट्राध्यक्ष, आणि तडजोड एकच असली तरी जो तो आपल्या घरी आपलीच सरशी सांगतो. इंग्रजी समजते म्हणून आपण फक्त लंडनचा बाइट (बोलण्याचा छोटा तुकडा) उचलतो, आणि ब्रिटन तर 2020 मध्येच ईयूबाहेर पडलं. निदान दोन देशांचे बाइट घ्या आणि बैठकीचं निष्कर्षपत्र स्वतः वाचा.

आपणही घरचंच बघतो. ईयूने घातलेली 1 मे 2014 पासूनची आयातबंदी आपल्याकडे ‘हापूसवर बंदी’ म्हणून गाजली. प्रत्यक्षात ती भारतातल्या सगळ्याच आंब्यांवर होती, शिवाय वांगी, कारली, पडवळ आणि अळूवरही. कारण होतं मालात सापडलेली फळमाशी आणि इतर कीड. ब्रिटनमध्ये हीच बातमी लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ आणि तिथल्या भारतीय दुकानदारांची झाली. जुनी क्लिप काढून ‘जानेवारी 2015 मध्ये बंदी उठली’ असं लिहाल, तर पुढे ‘फक्त आंब्यावरची’ हे शब्द जोडा. भाज्यांवरची बंदी तेव्हा कायम होती.