इसेच्या देवस्थानाला जाताना

जपानमधील इसेच्या शिंतो देवस्थानाला जाणाऱ्या आपल्या भंडारा-गोंदियाकडील भाविकांनी एक गोष्ट घरूनच मनाशी धरून निघावे, ती म्हणजे तेथे दर्शन होत नाही. सूर्यदेवता अमातेरासूचे प्रतीक मानलेला पवित्र आरसा कोणालाही दाखवत नाहीत. कुंपणाच्या दारावर पांढरा पडदा असतो आणि त्याच्यासमोर नमस्कार करून परतायचे असते. शेगावला तासन्‌तास रांगेत उभे राहून समाधीचे दर्शन घेणाऱ्यांना हे आधी चुकल्यासारखे वाटेल.

नागोयाहून किन्तेत्सू रेल्वेच्या जलद गाडीने सुमारे दीड तासात इसेशी स्थानक येते. आधी स्थानकाजवळचे गेकू, म्हणजे बाहेरचे देऊळ, आणि मग बसने नाइकू, म्हणजे अमातेरासूचे आतले देऊळ, हा जुना क्रम आहे. वेळ नाही म्हणून अनेक जण गेकू टाळतात, ते धानकऱ्याने तरी करू नये. कारण ते अन्नदेवता तोयोउकेचे स्थान असून तेथे रोज सकाळ-संध्याकाळ देवांसाठी नैवेद्य होतो, त्यातला तांदूळ देवस्थानाच्याच शेतातला असतो, आणि ऑक्टोबरात नव्या धानाचा पहिला मान देवाचा असतो.

तोरी नावाच्या कमानीपाशी थोडे वाकून आत शिरावे. वाटेचा मध्य देवाचा मानतात, म्हणून गेकूत डाव्या आणि नाइकूत उजव्या कडेने चालावे. पादत्राणे काढायची नसतात. टाकीवरच्या पळीने आधी डावा, मग उजवा हात धुवावा आणि डाव्या हातात पाणी घेऊन चूळ भरावी. पळी तोंडाला लावू नये. पडद्यासमोर दोनदा कमरेतून वाकावे, दोन टाळ्या वाजवून हात जोडावेत आणि पुन्हा एकदा वाकावे. नारळ, हार, उदबत्ती यांपैकी काहीही नेऊ नये. मुख्य देवळाच्या पायऱ्या चढण्यापूर्वीच मोबाईल खिशात ठेवावा, कारण वर छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. सुतक असल्यास प्रवास पुढे ढकलावा. जपानी लोकही घरातील मृत्यूनंतर साधारण 50 दिवस देवळात जात नाहीत.

देऊळ अगदी नवे दिसले तर नवल करू नये. दर 20 वर्षांनी ते शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नव्याने बांधतात. यापूर्वीचे स्थलांतर 2013 मध्ये झाले आणि पुढचे 2033 मध्ये होईल.

देवस्थान पहाटे 5 वाजता उघडते, तेव्हाच जावे. शाकाहारी मंडळींनी बाहेर मिळणारे इसे उदोन, म्हणजे जाड शेवया, टाळावे, त्याच्या रसात मासळीचा अर्क असतो. आकाफुकू ही तांदळाची आणि गोड कडधान्याची मिठाई मात्र निःशंकपणे खावी.