मोखाड्याचा चट्टा भांडुपला बसून बघायचा तर

पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याचे कातडीचे पेशंट मुंबईत भांडुपला बसून, फोनवर आलेल्या फोटोंवरून बघायचे तर पहिली गोष्ट, अ‍ॅप बनवू नका. मी बनवून घेतलं होतं. दीड लाख गेले, आणि मोखाड्यात ते उघडेपर्यंत पेशंट चहा पिऊन घरी जायचा. आज आमचं सगळं काम एका वेगळ्या फोनवर, साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं.

माझा त्वचारोगाचा दवाखाना भांडुपला. तिकडून माणूस यायचा म्हणजे पहाटेची एसटी, कसाऱ्याला लोकल, ठाण्याला गाडी बदलायची. मी त्याला बघणार पाच मिनिटं, त्यासाठी त्याची दिवसाची मजुरी बुडणार. महिन्याने परत बोलावलं की तो येत नाही, मेडिकलमधून ट्यूब घेतो. ती बहुतेक वेळा बुरशीचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड एकत्र असलेली निघते. खाज दोन दिवसांत थांबते, गजकर्ण मात्र पसरत राहतं. कायद्याने असली ट्यूब चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, पण काउंटरवर कोण विचारतो?

हे काम सुरू करणाऱ्याने आधी त्या गावात माणूस शोधावा. सगळे आशाताईंकडे बोट दाखवतात. त्यांच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत की आपलं आणखी एक लादू नये. मी झेरॉक्सच्या दुकानात बसणारी मुलगी घेतली, बारावी झालेली. तिच्याकडे प्रिंटर होता, म्हणजे माझी चिठ्ठी तिथल्या तिथे कागदावर निघणार. दुकानात गावातली बाई येते तेव्हा ती दवाखान्यात गेली असं कुणी म्हणत नाही, हा फायदा मला नंतर कळला.

तिला केसमागे पैसे देऊ नका. मग ती कुणाच्याही घामोळ्याचे फोटो काढत सुटेल, आणि पेशंट आणण्याबद्दल कमिशन देणं आमच्या वैद्यकीय नीतिनियमांत बसतही नाही. महिन्याचा ठरलेला पगार द्या. मेडिकलवाल्याकडून आणि लॅबवाल्याकडून एक रुपयाही घेऊ नका.

आता फोटो. इथेच सगळं अडतं. पहिल्या महिन्यात मला ट्यूबलाइटखाली काढलेल्या पिवळ्या पाठी आल्या, हळद लावलेले हात आले, आणि एका फोटोत चट्ट्यापेक्षा साडीच स्पष्ट होती. तेव्हा मी तिला एक दिवस भांडुपला बसवून घेतलं आणि हे शिकवलं: ओटीवर उभं करायचं, सावलीतल्या उजेडात, थेट उन्हात नाही. आधी फोनची काच ओढणीने पुसायची. तेल, हळद, पावडर ओल्या फडक्याने काढायची आणि कातडी सुकू द्यायची. मग तीन फोटो: एक लांबून, म्हणजे चट्टा अंगावर कुठे आहे ते कळेल, एक वीतभर अंतरावरून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, एक बाजूने, म्हणजे उंचवटा दिसेल. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा काळपट दिसते, म्हणून दुसऱ्या बाजूच्या चांगल्या कातडीचाही एक फोटो हवा. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून बारीक करतं.

शिवाय जी ट्यूब लावली, तिचाही फोटो. ‘काहीच लावलं नाही’ हे उत्तर मी आता ऐकूनच घेत नाही. ‘खिडकीत बघ’ सांगते. पिळून चपटी झालेली ट्यूब तिथेच सापडते.

एक चूक सांगते, माझीच. एका शाळकरी पोराच्या गालावर फिकट डाग होता. फोटो बघून मी शिबं म्हणून मलम लिहिलं. चार महिन्यांनी तो समोर आला तेव्हा कापसाचा स्पर्श त्याला त्या जागी कळत नव्हता. कुष्ठरोग. देशपातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचं उद्दिष्ट 2005 अखेर गाठल्याचं जाहीर झालं, पण ठाणे-पालघरच्या पट्ट्यात नवे रुग्ण अजून सापडतात. बधिरपणा फोटोत दिसत नाही, जाड झालेली नस दिसत नाही. तेव्हापासून फिकट चट्टा असला की मुलगी पेशंटला डोळे मिटायला सांगते, कापसाची वात टेकवते आणि ‘कुठे लागलं ते बोटाने दाखवा’ म्हणते. त्याचा व्हिडिओ येतो. शंका आली की सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. तिथे औषध फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांचं.

काही गोष्टी फोनवर घ्यायच्याच नाहीत. नवं औषध सुरू झाल्यावर ताप येऊन तोंडात, डोळ्यांत फोड आले, मधुमेह्याचा पाय गरम होऊन सुजला, तान्ह्या बाळाच्या अंगावर फोड उठले, तर फोटोची वाट न बघता रुग्णालयात. ही यादी दुकानाच्या भिंतीवर चिकटवली आहे.

कागदपत्रांत फार अडकू नका, पण 25 मार्च 2020 ची केंद्राची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं एकदा नीट वाचा. चिठ्ठीवर तुमचा नोंदणी क्रमांक लागतो, नोंदी ठेवाव्या लागतात, आणि मधली व्यक्ती फोन लावत असेल तर पेशंटची स्पष्ट संमती लागते. चेहऱ्यावर काही नसेल तर चेहरा फोटोत येऊ द्यायचा नाही. जांघेतला चट्टा असेल तर फोटो मागत नाही, समोर बोलावते किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवते.

पैशांचं गणित उघड मांडते. आठवड्यातून दोन संध्याकाळी, बारा-बारा केसेस, महिन्याला साधारण शंभर. केसला शंभर रुपये. दहा हजारांतले पाच मुलीला, एक नेट आणि छपाईला, चार मला. दवाखान्याच्या हिशेबात हे काहीच नाही, पण शून्यही नाही. पहिलं वर्ष मी फुकट केलं, आणि फुकटचं काम आधी मागे पडतं. मुलाची दहावी आली आणि तीन महिने फोन बंद राहिला. ज्यांना शंभरही जड आहेत त्यांना ई-संजीवनीचा रस्ता दाखवा, डॉक्टरशी ऑनलाइन बोलायची ती सरकारी सेवा फुकट आहे. आणि बारा म्हणजे बाराच. तेरावा फोटो पुढच्या खेपेला.

लिहिलेलं औषध तिथे मिळतं का, हे आधी विचारा. मी चार महागडी नावं लिहायची आणि मेडिकलवाला त्याच्या मनाने पाचवं द्यायचा. आता पंधरा औषधांची यादी त्याच्याशी बोलून ठरवली आहे. खरजेला पर्मेथ्रिन लिहिलं तर घरातल्या सगळ्यांपुरतं, एकाच रात्री लावायला. एकट्या पोराला लावून काही होत नाही.

दुसरं गाव एक पावसाळा काढल्याशिवाय घेऊ नका. जूनमध्ये वीज जाते, रेंज जाते, आणि गजकर्ण, खरूज नेमकं तेव्हाच वाढतं. आम्ही पॉवर बँक घेतली. फोटो दिवसा काढून ठेवायचे आणि रेंज आली की पाठवायचे, असं ठरवलं. ते जमलं तेव्हाच जव्हारकडचं दुकान घेतलं. तिथल्या मुलीला शिकवायला मी गेले नाही. पहिलीलाच एसटीचं भाडं आणि दिवसाचा पगार देऊन पाठवलं. संध्याकाळी नवीचा पहिला फोटो आला: ओटी, सावली, चट्ट्याशेजारी रुपया. खाली निरोप, ‘मॅडम, ट्यूब खिडकीत नव्हती, देव्हाऱ्यात होती.’