ब्रुगमॅन्शियाला बोंड धरत नाही? या चुका टाळा

ब्रुगमॅन्शिया म्हणजे तो खाली तोंड करून लोंबणाऱ्या लांबलचक कर्ण्यांचा धोतरा. झाड फुलांनी लगडतं, दिवेलागणीला वास सुटतो आणि चार-पाच दिवसांत कुंडीभोवती सडा पडतो. बोंड मात्र औषधालाही नाही.

पुण्यात आमच्या गच्चीत दोन हिवाळे हेच चाललं होतं. वाटलं, पतंग येत नसतील. मग शेजारच्या काकूंच्या झाडाचे पराग इयरबडवर घेऊन रोज संध्याकाळी त्यांच्या गच्चीतून आमच्या गच्चीत माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. डझनभर फुलं झाली, तरी काही नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "अगं, माझं झाड तुझ्याच फांदीचं ना? पावसाळ्यात तूच दिली होतीस!"

इथेच घोडं पेंड खात होतं. ब्रुगमॅन्शियाच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागांनी फळत नाहीत. आर्बोरिया ही जात त्याला अपवाद. आणि फांदी लावून केलेलं झाड म्हणजे नवं झाड नव्हेच, तेच झाड दुसऱ्या कुंडीत. आपल्याकडे हा धोतरा फांद्यांवरच पसरलाय. एकाच गल्लीतली पाच पांढरी झाडं एकाच आईची असू शकतात. तेव्हा पराग आणायचे ते वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या ठिकाणाहून आलेल्या झाडाचे. मी गुलाबीचे आणले आणि त्याच हिवाळ्यात दोन बोंडं धरली.

दुसरी चूक व्हिडिओ बघून होते. थंड देशांत हे झाड हिमानं मरू नये म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवतात, पाणी तोडतात, पानं झडू देतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास आला तरी त्याचं काही बिघडत नाही. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच परागीकरणाचा मोसम. पावसाळ्यात पराग भिजून वाया जातात, आणि एप्रिल-मेच्या झळांत टोमॅटो-मिरचीची फुलं गळतात तशी याचीही गळतात. शेवटी एकाच कुळातली भावंडं. इथे हिवाळ्यात झाड झोपवलं की वर्ष गेलंच.

छाटणीचंही तसंच. सरळ खोड वाढून पहिलं बेचकं फुटतं आणि फुलं त्याच्या वरच्या फांद्यांवर येतात. झाड आटोपशीर दिसावं म्हणून बेचक्याखाली कापलं, तर पुन्हा बेचकं फुटेपर्यंत फुलांची वाट बघत बसा.

आता वेळ. फूल संध्याकाळी उमलतं, वासही तेव्हाच, कारण हे सगळं निशाचर पतंगांसाठी मांडलेलं आहे. सकाळी कामवाल्या मावशी येण्याआधी उरकू म्हणाल तर उशीर झालेला असू शकतो. पहिल्याच संध्याकाळी पाकळीच्या नळीला ब्लेडनं उभी चीर द्या. आत परागकोशांच्या झुबक्यातून किंचित पुढे आलेली, चिकट टोकाची काडी दिसेल, तीच कुक्षी. त्या टोकावर पराग पिवळट थर दिसेपर्यंत चोळा. स्वतःचे परागकोश आधी काढण्याची खटपट, नुसतं बी हवं असेल तर, मला तरी अनावश्यक वाटते. दुसरं झाड आधी फुललं तर त्याचे परागकोश टिश्यू पेपरात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह डबीत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. डबीवर 'विषारी' लिहा, आमच्याकडे केशर समजून उघडली होती.

फूल गळाल्यावर मागचं हिरवं टोक पिवळं पडून सुटलं तर डाव फसला. हिरवंच राहून फुगू लागलं तर जमलं. आनंदाच्या भरात रोज दाबून बघू नका.

खरी कसोटी इथून पुढे. बोंड पिकायला चार ते सहा महिने लागतात, म्हणजे डिसेंबरचं बोंड अख्खा पुणेरी उन्हाळा काढणार. याची पानं मोठी, पाणी पिण्यात हावरट. एका दुपारी कुंडी कोरडी पडली की पानं माना टाकतात, आणि माझ्या दोनांपैकी एक बोंड असंच एका लग्नाच्या दिवशी गळालं. एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी सावली. पानांच्या पाठी बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

बोंड हिरवं असताना तोडू नका. ते पिवळं-तपकिरी होऊन देठ सुकू दे. साध्या धोतऱ्याच्या बोंडासारखे काटे याला नसतात, त्यामुळे मुलांना ते खेळणं वाटतं. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलामीन त्यात असतात. हात डोळ्याला लागला तरी बाहुली मोठी होऊन दिसायला धूसर होतं, म्हणून छाटणीलाही हातमोजे घाला.

बिया बुचासारख्या जाड सालीच्या असतात. रात्रभर भिजवून साल सोलली की आत पांढरा, टणक गर लागतो. काहींत तो नसतोच, त्या फेका. उरलेल्या कोकोपीटमध्ये पेरा. रोपं आईसारखी निघतील असं नाही, माझ्या चारांपैकी एकाची पानं आत्ताच वेगळी आहेत.