पद्म पुरस्कारासाठी आपल्या भागातल्या कार्यकर्त्याचं नाव कसं सुचवावं

पद्म पुरस्कारासाठी नाव सुचवायला आमदार-खासदारांची ओळख लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. कोणताही नागरिक हे करू शकतो, अगदी स्वतःचं नावसुद्धा पाठवू शकतो. तरी कित्येक वर्षं निरपेक्ष राबणारी माणसं यादीत येत नाहीत, कारण त्यांचं काम कोणी नीट लिहून दिल्लीला कळवलेलं नसतं. ‘समाजकार्य’ हे या पुरस्कारांतलं स्वतंत्र क्षेत्र आहे. हिवरे बाजारचे पोपटराव पवार (२०२०), सिंधुताई सपकाळ (२०२१) आणि वझ्झरचे शंकरबाबा पापळकर (२०२४) यांना पद्मश्री मिळाली ती याच क्षेत्रात.

सगळ्यात आधी पात्रता बघा. पुरस्कार व्यक्तीला मिळतो, संस्थेला नाही. सेवेत असलेले सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी पात्र नाहीत; डॉक्टर आणि वैज्ञानिक एवढाच अपवाद. मरणोत्तर पुरस्कार सहसा देत नाहीत, म्हणून ऐंशी पार केलेल्या माणसाचं नाव ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवून देऊ नका. पद्मश्री, पद्मभूषण की पद्मविभूषण, हे तुम्हालाच सुचवायचं असतं. तळागाळातल्या कामासाठी पहिल्यांदा नाव जात असेल तर पद्मश्रीच योग्य.

मुदत दरवर्षी सारखी नसते. २०२५ च्या पुरस्कारांसाठी १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ असा काळ होता. २०२६ साठी मात्र सुरुवातीला जाहीर झालेला काळ होता १५ मार्च ते ३१ जुलै २०२५. म्हणजे मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबलात तर दीड महिन्याने चुकाल. कागद फेब्रुवारीतच जमवायला घ्या.

कोणते कागद? आधी ओळखपत्राची प्रत. इथे दोन गोष्टी हमखास नडतात. गाव ज्यांना ‘अण्णा’ किंवा ‘माई’ म्हणून ओळखतं, त्यांचं कागदावरचं नाव वेगळंच असतं. अर्जात कागदावरचंच घाला आणि प्रचलित नाव मजकुरात एकदा सांगा. दुसरी जन्मतारीख. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेला असतो आणि घरचे वेगळी तारीख सांगतात. ओळखपत्रावर आहे तीच घ्या. मग कामाचे पुरावे: संस्थेचे वार्षिक अहवाल, ग्रामसभेचे ठराव, शाळेचे पट, दवाखान्याच्या नोंदी, तारखेसह वर्तमानपत्रांची कात्रणं. हार-शाल घातलेले फोटो शंभर असले तरी त्यांतून काम दिसत नाही.

आता खरा भाग. अर्जात त्या व्यक्तीच्या कार्याचा सलग परिचय द्यावा लागतो, जास्तीत जास्त ८०० शब्दांत. अर्जाचा जीव या मजकुरात आहे आणि बहुतेक नामांकनं इथेच फसतात. लिहिणारा भक्तीने लिहितो, आणि कागदावर नुसती विशेषणं उरतात. ‘गोरगरिबांची माउली असलेल्या ताईंनी उभं आयुष्य समाजासाठी वेचलं’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजार कार्यकर्त्यांना लागू पडेल. त्याऐवजी असं लिहा (आकडे नमुन्याचे): ‘२००६ मध्ये या ११ पाड्यांतल्या मुली पाचवीनंतर शाळा सोडत, कारण पुढची शाळा ९ किलोमीटरवर होती. ताईंनी स्वतःच्या घरात १४ मुलींची राहण्याची सोय केली. आजवर २१२ मुली तिथे राहून दहावी झाल्या.’ यात आधीची स्थिती, तिचं कारण, केलेली कृती आणि झालेला बदल, सगळं आलं.

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवा. पहिल्या १०० शब्दांत कोण, कुठे, किती वर्षं आणि नेमकं कोणतं काम. पुढचे १५० आधीच्या परिस्थितीला. मधले ३५० कामाच्या पद्धतीला आणि आकड्यांना. अडचण काय आली आणि तिच्यातून वाट कशी काढली, हे इथे सांगा. नंतरच्या १५० मध्ये ते काम दुसऱ्या कोणी उचललं का, आणि त्या व्यक्तीच्या गैरहजेरीतही चालू राहतं का, ते लिहा. निवडीचा सूर नुसत्या गुणवत्तेचा नाही; त्यात लोकसेवेचा अंश हवा, आणि तो याच भागात दिसतो. आधीचे सन्मान उरलेल्या ५० शब्दांत उरका. बालपण, शिक्षण, घराणं यांत निम्मे शब्द खर्ची घालू नका.

मसुदा आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत करणं उत्तम, पण मराठी मसुदा ५५० ते ६०० शब्दांतच थांबवा. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द इंग्रजीत तीन-चार शब्दांचा होतो, आणि मराठीतले पूर्ण ८०० शब्द भाषांतरात हजाराच्या वर जातात. मग शेवटच्या रात्री कात्री लागते आणि नेमके आकडेच गळतात. वाचणारा महाराष्ट्राबाहेरचा असेल हे धरून चाला. पाडा, तांडा, गायरान, बचत गट हे शब्द वापरलेत तर पहिल्याच वेळी चार शब्दांत अर्थ सांगा; गुंठ्यांचे एकर करा (४० गुंठे म्हणजे १ एकर). लिहून झालं की त्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या. ‘म्हणजे यांनी नक्की केलं काय?’ असं त्याने विचारलं, तर पुन्हा लिहा.

नामांकन फक्त ऑनलाइन, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर करायचं. आधी तुमची स्वतःची नोंदणी, मग पद्म पुरस्कार निवडून अर्ज. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये तयार ठेवा आणि तिथून चिकटवा. थेट पोर्टलवर लिहीत बसू नका. शेवटच्या दोन दिवसांवर कधीही ठेवू नका. पाठवल्यावर पोच जपून ठेवा.

एकच मजकूर पन्नास जणांकडून पाठवण्याची मोहीम काढू नका. त्यातून नवी माहिती काहीच जात नाही. फार तर दोघांनी दोन वेगळ्या अंगांनी लिहावं. आणि ‘राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

पुढे काय होतं? कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती नावं बघते, पंतप्रधान आणि राष्ट्रपती यांची मंजुरी होते, आणि प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने यादी जाहीर होते. वर्षाला साधारण १२० पर्यंतच पुरस्कार. मरणोत्तर, अनिवासी भारतीय आणि परदेशी व्यक्तींचे त्यात धरत नाहीत. निवड होण्याआधी पूर्वचारित्र्याची चौकशी होते, त्यामुळे संस्थेचे हिशेब, जमिनीचे वाद, खटले यांची माहिती तुम्हाला आधीच हवी. लेखी संमती मागत नाहीत, पण घोषणेआधी गृह मंत्रालयाचा फोन येतो आणि नको म्हटलं तर नाव वगळतात. काही कार्यकर्त्यांना पुरस्काराचं वावडं असतं. आपण आधीच विचारलेलं बरं. मानपत्र आणि पदक मिळतं, रोख रक्कम नाही. ‘पद्मश्री’ ही पदवीही नव्हे, ती नावाआधी किंवा नावानंतर लावता येत नाही. सत्काराच्या पत्रिका छापणाऱ्या मंडळींना हे वेळीच सांगून ठेवा.

यंदा नाव आलं नाही तर फाइल बंद करू नका. वर्षभरातले नवे आकडे, नवे ठराव तिच्यात घालत राहा आणि पुढची मुदत उघडली की नव्याने नामांकन करा.