लिंक्डइनवर रिक्वेस्ट जाते, पण उत्तर येत नाही? या चुका टाळा

रिक्वेस्ट पाठवली, समोरच्यानं स्वीकारली, मेसेज टाकला आणि पुढं काहीच नाही. कोल्हापुरात इंजिनिअरिंग किंवा एमबीए करून नोकरी शोधणारी मुलं हीच तक्रार करतात. शिरोली, गोकुळ शिरगावात छोटे कारखाने चालवणारी माणसंही नवा गिऱ्हाईक शोधताना हेच सांगतात. मग निष्कर्ष निघतो की लिंक्डइनवर काही होत नाही, ओळख असल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही.

मला हे पटत नाही. दहा-बारा जणांचे पाठवलेले मेसेज वाचले की उत्तर का आलं नाही ते बहुतेक वेळा तिथंच दिसतं. आपल्याकडं अनोळखी माणूस दारात आला की पहिला प्रश्न असतो, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" मग कुणाकडनं आला आणि काय काम काढलं, हे विचारलं जातं. एवढं कळलं की चहा ठेवला जातो. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला लिहितानाही नेमकं हेच सांगायचं असतं: मी कोण, तुमच्यापर्यंत कसा आलो, काय हवंय. आपल्या मेसेजमधून बहुतेक वेळा हीच तीन उत्तरं गायब असतात.

सगळ्यात जास्त घडणारी चूक मोबाईलवर होते. ॲपमध्ये ओळखीच्या सूचनांची यादी येते आणि माणूस एकामागून एक 'कनेक्ट' दाबत सुटतो. तिथून जाणारी रिक्वेस्ट कोरी जाते, चिठ्ठी लिहायची संधीच मिळत नाही. ज्या माणसाकडून खरंच काही हवंय, त्याची प्रोफाइल आधी उघडा, वाचा आणि तिथल्या तीन टिंबांच्या मेनूतून चिठ्ठीसह रिक्वेस्ट पाठवा. काहींच्या प्रोफाइलवर 'कनेक्ट'ऐवजी 'फॉलो' दिसतं. 'कनेक्ट' तिथंही त्याच मेनूत सापडतं. फुकटच्या खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच लिहिता येतात आणि एका चिठ्ठीत साधारण 200 अक्षरं बसतात. म्हणून त्या उधळायच्या नाहीत. शाळेतल्या मित्राला कोरी रिक्वेस्ट चालते, चिठ्ठी अनोळखी माणसासाठी राखून ठेवा.

चुकीचा माणूस गाठणं

नोकरी शोधणारा मुलगा कंपनीच्या एमडीला लिहितो, नाहीतर एचआर हेडला. दोघांकडंही रोज असे मेसेज येऊन पडतात आणि दोघांनाही तुमच्या कामातलं बारीकसारीक माहीत नसतं. तुम्हाला ज्या जागेवर जायचंय, तिथं तीन-चार वर्षांपूर्वी पोचलेला माणूस शोधा. मुलाखतीत काय विचारलं, कुठला कोर्स कामी आला, हे त्याच्या अजून लक्षात असतं. शिवाय त्याला फारसं कुणी विचारतही नसतं, त्यामुळं तो मनापासून सांगतो.

असा माणूस शोधायची सोय लिंक्डइनवरच आहे आणि तिचा वापर फार कमी होतो. कॉम्प्युटरवर आपल्या कॉलेजचं पान उघडा आणि 'ॲल्युम्नाय' हा भाग बघा. तिथं शहर, कंपनी आणि कामाचं क्षेत्र निवडलं की आपल्याच कॉलेजची माणसं समोर येतात. कोल्हापुरातलं शिवाजी विद्यापीठ 1962 सालचं, सायबर हे मॅनेजमेंटचं कॉलेज 1976 सालचं, केआयटी हे इंजिनिअरिंगचं कॉलेज 1983 सालचं. इथून शिकून बाहेर पडलेली माणसं चाकण, हिंजवडीपासून जर्मनीपर्यंत कामाला आहेत. यातलं कुणी वशिल्यानं मिळत नाही, फक्त शोधावं लागतं. साध्या सर्चमध्ये नुसतं आडनाव टाकून काही हाती लागत नाही. पाटील आणि जाधव इतके निघतात की भलत्याच पाटलांना रिक्वेस्ट जाते आणि हे नंतर कळतं. कंपनी आणि कॉलेज दोन्ही फिल्टर लावा.

पहिल्याच मेसेजात बायोडेटा

आता मूळ दुखण्याकडं येऊ. हा मेसेज तुम्ही पाहिला असेल, कदाचित पाठवलाही असेल:

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ मेकॅनिकल इंजिनिअर. आय ॲम लुकिंग फॉर अ जॉब इन युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन. प्लीज फाइंड माय रिझ्युमे अटॅच्ड. काइंडली डू द नीडफुल."

यात उद्धट काही नाही, मुलानं उलट फार अदबीनं लिहिलंय. पण वाचणाऱ्यानं आता करायचं काय? पीडीएफ उघडायची, त्याला काय येतं ते शोधायचं, आपल्या कंपनीत कुठली जागा रिकामी आहे ते बघायचं, ती कुणाच्या हाताखाली येते ते विचारायचं आणि ओळख नसताना त्याच्यासाठी शब्द टाकायचा. एवढं काम अनोळखी माणसासाठी कुणी करत नाही. हाच मजकूर पन्नास जणांना गेलाय हेही त्याला कळतं, कारण 'एस्टीम्ड ऑर्गनायझेशन'च्या जागी कंपनीचं नावसुद्धा नाही.

आता समजा, शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला काम करणारी एक मुलगी आहे. तिला चाकणला एखाद्या वाहन कंपनीत सप्लायर क्वालिटीकडं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पार्टचा दर्जा बघणाऱ्या विभागात, जायचंय. तिला तिच्याच कॉलेजच्या, असाच प्रवास केलेल्या एक मॅडम सापडल्या. तिनं रिक्वेस्टसोबत एवढंच लिहावं:

"नमस्कार मॅडम. मी केआयटी, मेकॅनिकल, 2024. शिरोलीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. चाकणला सप्लायर क्वालिटीकडे वळायचंय. तुम्हीही फाउंड्रीतून तिकडे गेलात, म्हणून रिक्वेस्ट पाठवतेय."

हे 200 अक्षरांत बसतं. रिक्वेस्ट स्वीकारली गेली की एखाद्या दिवसानं दुसरा मेसेज:

"मॅडम, आभारी आहे. एकच विचारायचं होतं. माझं काम कास्टिंगच्या इन्स्पेक्शनचं आहे, ब्लो होल आणि सँड इन्क्लुजनची रिजेक्शन कमी करण्यावर बरंच काम केलंय. मशीनिंगचा अनुभव नाही. आधी काही महिने मशीन शॉपमध्ये काढावेत, की पीपॅप आणि बाकीची कोअर टूल्स शिकून थेट अर्ज करावा? दोन ओळींत सांगितलंत तरी पुरे."

(ब्लो होल आणि सँड इन्क्लुजन हे कास्टिंगमधले दोष. पीपॅप आणि कोअर टूल्स या वाहन उद्योगातल्या दर्जा सांभाळायच्या ठरलेल्या पद्धती.) याचं उत्तर बसमध्ये उभ्यानं देता येतं. मुलीला काम येतं हे तिनं सांगितलेलं नाही, पण 'सँड इन्क्लुजन' वाचल्यावर मॅडमना ते कळतं. तिनं नोकरी मागितलेली नाही, त्यामुळं नाही म्हणायचा अवघडलेपणाही नाही. बायोडेटा लागला तर त्याच मागतील, आणि मागून घेतलेला बायोडेटा वाचला जातो.

भाषेचा प्रश्न बरेच जण विचारतात. समोरचा माणूस आपल्याच कॉलेजचा, कोल्हापूरकडचा असेल तर सरळ मराठीत लिहा. कृत्रिम इंग्रजीपेक्षा नीट मराठी कितीतरी बरी. आडनाव मराठी वाटतं पण बाकी काही माहीत नाही, तिथं साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी ठेवा. मात्र 'भावा', 'ब्रो', 'डियर' हे कुणालाच नको. सर किंवा मॅडम पुरतं.

स्त्रियांना लिहिताना हे अधिक पाळायला हवं, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. फोटोवर शेरा, 'हाय डियर', रात्री अकराला 'आर यू देअर', स्वीकारल्या स्वीकारल्या व्हॉट्सॲप नंबर मागणं, हे सगळं कामाच्या जागेवर घडतं आणि त्यामुळं अनेक जणी अनोळखी रिक्वेस्ट बघणंच सोडून देतात. याचा फटका नीट वागणाऱ्या मुलांनाही बसतो. कामाचं विचारा, कामाच्या वेळेत विचारा.

कारखानदारांच्या चुका

रिक्वेस्ट स्वीकारली की अर्ध्या मिनिटात ब्रोशर जातं, त्यासोबत 'वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर ऑफ ऑल टाइप्स ऑफ कास्टिंग्ज'. खरेदी बघणाऱ्या माणसाला 'ऑल टाइप्स' वाचून काहीच कळत नाही. सगळंच करतो म्हणणाऱ्याचं नेमकं काय चांगलं, हा प्रश्न त्याच्या मनात येतो. त्याला ग्रेड, वजन, महिन्याचे टन आणि मशीनिंग हवं असतं. म्हणजे असं (एफजी, एसजी या ओतीव लोखंडाच्या ग्रेड): "एफजी 260 आणि एसजी 500/7, 3 ते 25 किलोचे पार्ट, मशीनिंग आमच्याकडंच. सध्या पंप आणि ट्रॅक्टरचे पार्ट जातात. या वजनात तुमच्याकडं नवीन सप्लायर बघणं चालू असेल तर एखादं ड्रॉइंग पाठवा, कोटेशन देतो." आयएटीएफ 16949 हे वाहन उद्योगातलं दर्जाचं सर्टिफिकेट असेल तर तेही याच ओळीत. नसेल तर गप्प राहा, 'लवकरच घेतोय' असं लिहू नका.

चपलांच्या धंद्यातही हेच आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. तेव्हापासून परदेशी खरेदीदारांना लिहिण्याचा उत्साह वाढलाय आणि तो वाढायलाच हवा. पण नुसतं 'ओरिजिनल कोल्हापुरी' म्हणून दरपत्रक पाठवू नका. जीआय महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरतं आहे. तुमचं काम त्यात बसत असेल आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद असेल तर पहिल्या ओळीत ते सांगा. मग चामडं कसं कमावलंय, युरोपियन मापं देता येतात का आणि कमीत कमी किती जोड घ्यावे लागतील, ते लिहा. फोटो एकच, पण उजेडात काढलेला.

प्रोफाइल

तुमचा मेसेज आवडला की माणूस नावावर बोट ठेवतो. तिथं 'सीकिंग अपॉर्च्युनिटीज' दिसलं तर सगळं तिथंच थांबतं. नावाखालच्या ओळीत 220 अक्षरं बसतात, त्यात काय काम येतं ते लिहा. फोटो लग्नातला, शेजारच्याचा खांदा कापलेला नको. एवढं झालं की मेसेजकडं वळा, प्रोफाइल सजवण्यात महिना घालवण्याची गरज नाही.

नोकरीत असताना दुसरी शोधणाऱ्यांसाठी मात्र एक सावधगिरीची गोष्ट. आपल्या एमआयडीसीत मालक मालकाला ओळखतो, एचआर एचआरला ओळखतो. 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी लावली की संध्याकाळपर्यंत बातमी केबिनमध्ये पोचते. 'फक्त रिक्रूटर' हा पर्याय निवडता येतो आणि लिंक्डइन तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतं, पण पूर्ण हमी देत नाही. त्यामुळं पट्टीपेक्षा थेट नेमक्या माणसांना लिहिणं सुरक्षित. प्रोफाइल बदलण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन बदलांची सूचना ओळखीच्यांना जाणार नाही, हेही बघून घ्या.

उत्तर आलं नाही तर

आधी रिक्वेस्ट स्वीकारली गेलीय का ते बघा. पाठवलेल्या रिक्वेस्टची यादी 'माय नेटवर्क'मध्ये असते. तिथं महिनोन्महिने पडलेल्या दिसल्या तर मागे घ्या. मात्र एकदा मागे घेतली की त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून चिठ्ठी सुधारायची म्हणून काल पाठवलेली आज मागे घेऊ नका.

मेसेज वाचल्याची खूण दिसली नाही, तर तो वाचलाच नाही असं समजू नका. ती खूण बंद ठेवता येते. दिसली आणि उत्तर नाही आलं, तरी तो अपमान नव्हे, त्या दिवशी ऑडिट असेल. आठवडाभर थांबून एकदाच लिहा आणि त्यात काहीतरी नवं असू द्या: "सर, मागच्या आठवड्यात पीपॅपचं विचारलं होतं. मधल्या काळात कोर्सला नाव घातलंय. आता मुलाखतीसाठी काय वाचावं, एवढंच सांगाल का?" 'एनी अपडेट सर?' यात नवं काहीच नसतं. तिसऱ्यांदा लिहू नका. कुठूनतरी नंबर काढून फोन तर अजिबात नको. दुसरा माणूस शोधा.

रिक्वेस्ट पाठवायलाच बंदी आली असेल, तर थोड्या वेळात खूप रिक्वेस्ट गेल्या असतील, किंवा बऱ्याच जणांनी 'ओळखत नाही' असं कळवलं असेल. यावर तोड एकच, काही दिवस शांत राहणं. आपोआप रिक्वेस्ट पाठवणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं असेल तर काढून टाका. तशी साधनं लिंक्डइनच्या नियमात बसत नाहीत आणि खातंच जाऊ शकतं.

रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाची शिफारस, मागायची वेळ आली की जागेचा जॉब आयडी द्या, तुम्ही त्या जागेला का बसता हे तीन ओळींत लिहा, म्हणजे समोरच्याला ते तसंच पुढं ढकलता येईल. 'कुठलीही व्हॅकन्सी असेल तर सांगा' यावर तो काहीच करू शकत नाही. आणि रेफर करण्यासाठी, रजिस्ट्रेशनसाठी किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथंच संभाषण थांबवा. कंपनीच्या नावानं साध्या जीमेलवरून ऑफर लेटर आलं, तरी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

एक गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. मॅडमनी सल्ला दिला, मुलगी त्याप्रमाणं चालली, चार महिन्यांनी मुलाखत झाली आणि मॅडमना काहीच कळवलं नाही. निवड झाली नाही, तरी कळवा: "मॅडम, तुम्ही सांगितलं तसं आधी काही महिने मशीन शॉपला काढले. काल मुलाखत झाली, निवड नाही झाली, जीडी अँड टीच्या प्रश्नांवर अडकले. आता तेच पक्कं करतेय." (जीडी अँड टी म्हणजे ड्रॉइंगवर आकार आणि मापातली सूट दाखवायची पद्धत.) असा मेसेज आला की समोरची माणसं आपणहून विचारतात, कुठले प्रश्न होते.