नाट्यपद आणि ड्रॅग यांचा प्रयोग कसा बांधावा

ड्रॅग म्हणजे पुरुषाने स्त्रीचा किंवा स्त्रीने पुरुषाचा वेश घेऊन तो मुद्दाम ठळकपणे सादर करणे. अशा प्रयोगात वेशभूषेआधी पद निवडावे. १९१६ सालच्या ‘संगीत स्वयंवर’मधील रुक्मिणीचे ‘नाथ हा माझा’ हे पद या कामी उत्तम आहे, कारण ते रंगभूमीवर बालगंधर्वांनी गाजवले आणि पुरुषाच्या गळ्यातील ही रुक्मिणी प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारली. ध्वनिमुद्रणावर ओठ हलवण्यापेक्षा पद प्रत्यक्ष गावे. आवाज ओढूनताणून बारीक न करता स्वतःच्या पट्टीत गावे आणि स्त्रीत्व शब्दफेकीत, मुरकीत, पदर सावरण्याच्या लयीत दिसू द्यावे. साथीला ऑर्गन-तबला पुरेसा आहे.

शालू, नथ, गजरा पारंपरिक ठेवून भडकपणा रंगभूषेत आणावा, म्हणजे ही स्त्री घडवलेली आहे हे लपत नाही. (हुबेहूब बालगंधर्व होणे हा मला सर्वांत नीरस मार्ग वाटतो.)

अंतऱ्यापूर्वी गाणे थांबवून प्रेक्षकांशी स्वतःच्या आवाजात बोलावे: कुलीन स्त्रियांना रंगमंच वर्ज्य असताना त्याच स्त्रिया एका पुरुषाची साडी नेसण्याची ढब उचलत होत्या, हा विरोधाभास तेथे मांडावा आणि लगेच पदाकडे परतावे. स्त्री कलाकाराने हाच प्रयोग उलटवून ‘मानापमान’मधील धैर्यधराचे ‘रवि मी’ धोतर-पगडीत गावे.