बाळाला कॅरिअरमध्ये किंवा स्लिंगमध्ये घेताना या चुका टाळा

बाळाला अंगाशी बांधून घेण्यासाठी कॅरिअर (पट्टे आणि बकल असलेली पिशवी) किंवा स्लिंग (खांद्यावरून घेतलेली कापडाची झोळी) वापरणाऱ्या आईवडिलांच्या तक्रारी साधारणपणे दोनच असतात: थोड्या वेळात पाठ भरून येते, किंवा बाळ त्यात बसायलाच तयार नसते. दोन्ही तक्रारींवर पट्टे जरा सैल करण्याचा उपाय आधी सुचतो आणि बहुतेक वेळा नेमके तेच चुकते. सैल कॅरिअरमध्ये बाळ खाली घसरते, त्याचे वजन घेणाऱ्याच्या अंगापासून दूर जाते, त्यामुळे पाठ ओढली जाते, आणि याच घसरण्यामुळे बाळाच्या श्वासालाही धोका निर्माण होतो.

हनुवटी छातीला टेकू देणे

तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड, मानेचे स्नायू दुबळे आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. मान पुढे दुमडली की ही नळी दबते. नाक-तोंड कापडात किंवा घेणाऱ्याच्या छातीत रुतले तरी श्वास कोंडतो. अशा वेळी बाळ धडपडेल किंवा रडेल असे आपण गृहीत धरतो, पण रडायलाही श्वास लागतो. त्यामुळे गुदमरणारे बाळ वरून पाहणाऱ्याला शांत झोपल्यासारखेच दिसू शकते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबाबत जाहीर इशारा दिला, तेव्हा मागील २० वर्षांतील किमान १४ मृत्यूंचा उल्लेख केला होता आणि त्यांपैकी १२ बाळे ४ महिन्यांहून लहान होती. म्हणून पहिल्या ४ महिन्यांत विशेष लक्ष ठेवावे. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, वजनाने कमी असेल किंवा त्याला श्वसनाचा काही त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्लिंग वापरू नये.

तपासणी सोपी आहे. बाळाची हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची दोन बोटे आडवी मावली पाहिजेत. कापड बाजूला न सारता बाळाचा चेहरा दिसला पाहिजे आणि मान किंचित झुकवताच त्याच्या डोक्याचा पापा घेता आला पाहिजे. तो घेण्यासाठी कमरेतून वाकावे लागत असेल, तर बाळ फार खाली बसले आहे असे समजावे. शेवटी बाळाच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबावे. त्या दाबाने वळलेली पाठ उलगडली किंवा बाळ तुमच्याकडे आणखी सरकले, तर कापडात अजून ढिलाई आहे.

बाळाला खोल पिशवीसारख्या स्लिंगमध्ये आडवे ठेवणे मला मुळीच मान्य नाही. दिसायला ते कितीही गोंडस असले, तरी त्यात बाळाची पाठ कमानीसारखी वाकते आणि हनुवटी आपोआप छातीकडे जाते. स्लिंगमध्येच अंगावर पाजले असेल, तर दूध पिऊन होताच बाळाला पुन्हा उभे आणि वर घ्यावे. पिता पिता ते झोपी गेले, तरी तसेच राहू देऊ नये.

चुकीच्या जागी आवळणे

रिंग स्लिंग, म्हणजे खांद्याजवळच्या दोन कड्यांत कापड ओवलेली स्लिंग, घट्ट करताना कड्यांतून खाली लोंबणारे सगळे कापड एका मुठीत धरून ओढण्याची चूक सर्रास दिसते. त्याने मधला भाग तेवढा आवळतो आणि बाळाच्या मानेला आधार देणारी वरची कड तशीच ढिली राहते. त्याऐवजी वरची कड, मधला भाग आणि खालची कड वेगवेगळी चिमटीत धरून थोडी थोडी ओढावी, आणि ओढताना दुसऱ्या हाताने बाळाचा भार किंचित उचलून धरावा. एरवी भाराखाली दबलेले कापड कड्यांतून सरकतच नाही. खांद्यावरचे कापड दोरीसारखे गोळा न होता दंडाच्या दिशेने पसरलेले असावे.

बकलच्या कॅरिअरमध्ये बहुतेक वेळा कमरेचा पट्टा चुकतो. मी स्वतः पहिले काही आठवडे तो पँटच्या पट्ट्यासारखा खाली, कुल्ल्यांवर बांधत होते आणि पाठदुखीचा दोष कॅरिअरला देत होते. हा पट्टा कंबरेच्या हाडांच्या वर, आधी आणि घट्ट बांधायचा असतो, म्हणजे बाळाचे वजन खांद्यांऐवजी कंबर पेलते. खांद्यांचे पट्टे जोडणारी छोटी पट्टी मानेशी नको, खवाट्यांच्या मधोमध हवी. सिझेरियन झाले असेल, तर पट्टा टाक्यांवर दाबत नाही ना, हे आधी पाहावे.

पाय लोंबकळत ठेवणे

बाळाचे गुडघे त्याच्या ढुंगणापेक्षा थोडे वर आणि मांड्या बाजूला पसरलेल्या असाव्यात. समोरून पाहिल्यास इंग्रजी ‘एम’सारखा आकार दिसतो. त्यासाठी बैठकीचे कापड एका गुडघ्याच्या खळगीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खळगीपर्यंत पोचले पाहिजे. कधीमधी थोडा वेळ पाय लोंबले म्हणून निरोगी बाळाबाबत घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र पहिल्या ६ महिन्यांत खुब्याचा सांधा घडत असतो. त्यामुळे रोजच्या वापरात हीच बैठक ठेवावी, आणि घरात कोणाला जन्मतः खुब्याचा दोष असेल तर ती अधिक काटेकोरपणे पाळावी.

घाई

बाळाने मान नीट धरल्याशिवाय त्याचे तोंड बाहेरच्या बाजूला करू नये. तसे केल्यावरही थोडाच वेळ ठेवावे आणि पेंग येताच आत वळवावे. पाठीवर घेण्यासाठी बाळ आधाराशिवाय बसू लागेपर्यंत थांबणे बरे. खरेदी करताना वयापेक्षा वजन पाहावे, कारण अनेक कॅरिअरची किमान मर्यादा सुमारे ३.२ ते ३.६ किलो असते आणि ती लेबलवर छापलेली असते.

बाळ कॅरिअरमध्ये रडत असेल, तर कॅरिअर नापसंत ठरवण्याआधी भूक, लंगोट आणि उकाडा तपासावा. स्लिंगचे कापड म्हणजे अंगावरचा आणखी एक कपडा असतो, हे विसरले जाते. मानेमागे हात लावून घाम आला आहे का ते पाहावे. सराव भुकेल्या बाळावर करू नये. आधी बाहुली घेऊन, मग पोट भरलेल्या बाळाला पलंगाशेजारी घेऊन करावा, आणि बांधून होताच एका जागी उभे न राहता चालू लागावे. पुष्कळ बाळे चार पावलांत शांत होतात.

कॅरिअर अंगावर असताना गॅसपाशी उभे राहणे, गरम चहा पिणे आणि सायकल चालवणे टाळावे. मोटारीत कॅरिअर हा चाइल्ड सीटला पर्याय नाही. खाली पडलेली वस्तू उचलताना एक हात बाळाच्या पाठीवर ठेवून गुडघ्यांत वाकावे. वापरलेले कॅरिअर घेतले असेल, तर खांद्याच्या पट्ट्यांची शिवण उलटून पाहावी आणि प्रत्येक बकल लावल्यावर ‘टक्’ असा आवाज आल्यानंतर ते एकदा ओढून बघावे.